खांद्यावरचा हात

लागोस शहरातल्या शोमोलूच्या बाजारगल्लीत गनियू ओकुनोलाला ओळखत नाही असं कुणी नव्हतं, पण त्यानं काढलेला आपला फोटो घरात आहे असंही फारसं कुणी नव्हतं. कारण गनियू फोटो काढायचा ते पलीकडच्या लागोसचे. पूल ओलांडून बेटावर गेलं की मोठमोठे हॉल लागतात. शनिवार उजाडला की तिथं कुणाची पन्नाशी, कुणाच्या लेकीचं लग्न, नाहीतर कुणाच्या आईचं दफन. दफनसुद्धा असं, की माणसं दोनदा जेवून, चारदा नाचून घरी जायची आणि वाटेत विचारायची, गेलं कोण होतं?

तिथं दारावरचे पहारेकरी भल्याभल्यांना अडवायचे, पण गनियूला नाही. त्याच्या गळ्यात ‘सोनेरी किनारा’ साप्ताहिकाचं ओळखपत्र असायचं. लागोसमधली बडी माणसं कशी राहतात, काय नेसतात, कुणाशी हसतात, हे सगळ्या देशाला त्या साप्ताहिकातून कळायचं, आणि त्यातले निम्मे फोटो गनियूचे.

पण गनियूचं खरं कसब कॅमेऱ्यात नव्हतंच. ते होतं एका लोखंडी पट्टीत आणि एका पात्यात. फोटो कुणीही काढेल, कापावा गनियूनंच, असं संपादक कायोदे स्वतः म्हणायचे. एकदा एका सरदारांच्या लेकीच्या लग्नात नेमका केकमागून बोकड डोकावला. बोकड जेवणासाठीच आणलेला होता, त्याला अजून कुणी तसं सांगितलं नव्हतं, म्हणून तोही खुशीत होता. सगळ्या पाव्हण्यांत त्याच्याइतकं छान कुणी आलं नव्हतं फोटोत. गनियूनं पट्टी ठेवली, पातं ओढलं. बोकड ताटात गेला, साप्ताहिकात नाही गेला.

असंच त्यानं तीस वर्षं केलं. भांडी घासणाऱ्या बायका कापल्या. भिंतीवर चढून बघणारी माणसं कापली. गटार, जनरेटर, पाण्याची पिंपं, चिखलात रुतू नये म्हणून टाकलेल्या फळ्या, सगळं कापलं. गुडघ्याखालचं लागोस त्यानं कधी छापायला दिलंच नाही. त्याचा मेहुणा बिलियामीनू, इसेयिन गावचा विणकर, चांगला चाळिशीचा माणूस, साप्ताहिकातली पानं उशाशी ठेवून मोठा झालेला. तो पहिल्यांदा शहरात आला तेव्हा तीन दिवस गनियूबरोबर गल्लीबोळांतून हिंडला आणि चौथ्या दिवशी हळूच म्हणाला, “दाजी, हे सगळं झालं. पण लागोस कधी दाखवणार?”

ही गोष्ट गनियू सगळ्यांना हसत हसत सांगायचा. पुढं त्यानं ती सांगायची सोडली. का सोडली, तेच सांगायचं आहे.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराखाली ईया सिलिफाची खानावळ होती. ईया म्हणजे आई. सिलिफाची आई म्हणून ईया सिलिफा. सिलिफा लग्न होऊन लांब गेली, पण नाव गल्लीत राहिलं. ईयाच्या हातची कंदाच्या पिठाची काळी उकड, आमाला, खायला बँकेतले साहेबसुद्धा टाय खांद्यावर टाकून बाकावर बसायचे. गनियू तर तिच्या हातचं खाऊन वाढलेलाच म्हणायचा. तो तरुणपणी शहरात आला, आणि आल्या वर्षीच त्याचा पहिला कॅमेरा चोरीला गेला. ते सगळं वर्ष ईयानं रोज दुपारी त्याच्यापुढं वाडगा केला आणि एकदाही काही विचारलं नाही. फक्त एवढंच म्हणायची, “खा, पोरा. कॅमेरा नाही तर नाही, डोळे आहेत ना अजून.”

ईयाच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी होती. एका लग्नात चुलीवरचं भाताचं पातेलं कलंडलं, ते तिनं हातानंच अडवलं. करंगळी मोडली, भात वाचला. बोट पुढं बाहेरच्या बाजूला वळूनच राहिलं, बाकीच्या तिघांवर रुसल्यासारखं. ईया म्हणायची, “अख्खा मांडव जेवला, करंगळीचं काय घेऊन बसलात?”

तर मॅडम मोरोलाके आदेटोला यांची पन्नाशी होती. मॅडम मोरोलाके म्हणजे त्या काळी ‘सोनेरी किनारा’चं अर्धं पोट त्यांच्यावर भरायचं. त्यांनी डोक्याला बांधलेला ताठ फडका या शनिवारी डावीकडं झुकला, तर पुढच्या शनिवारी सगळ्या बेटावरचे फडके डावीकडं झुकायचे. त्या दिवशी पाव्हण्यांना गावठी भात, पानात बांधलेला, आणि झणझणीत मिरचीचा रस्सा हवा होता. त्यासाठी हॉलच्या मागच्या अंगणात चुली पेटवून ईया सिलिफाला बसवलं होतं.

केक कापून झाल्यावर मॅडम लेसचा घोळ दोन्ही हातांनी उचलून धरत मागच्या दारी आल्या. वासानंच आल्या असणार. गनियू तिथंच भिंतीला टेकून रीळ बदलत होता, म्हणून त्यानं सगळं ऐकलं.

“हा रस्सा मी कुठंतरी खाल्लाय,” मॅडम म्हणाल्या. “कोण आहे चुलीवर?”

ईयानं मान वर केली. तोंड वाफेनं ओलं, लुंगीला काजळी. “खाल्लाय म्हणजे? पातेलं खरवडून खाल्लायस, लाके.”

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. मॅडमना लाके म्हणणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. पण मॅडमनी दोन्ही गुडघे टेकले, त्या लेसमध्ये, त्या राखेत. कधीकाळी त्यांचं बिऱ्हाड ईयाच्याच चाळीत होतं, संध्याकाळी वाटी घेऊन यायच्या ते दिवस त्यांना आठवले असतील. मग त्यांनी ईयाचा दंड धरून तिला ओढतच पुढं फुलांच्या कमानीखाली आणलं.

“फोटोवाले, आमचा एक काढा.”

ईयाला हात कुठं ठेवावा कळेना. लुंगीला पुसला, मागं लपवला. मॅडमनी स्वतः तो हात धरला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. “ठेवा हो ईया. कापड धुता येतं.”

यावर ईया काहीतरी पुटपुटली. काय ते गनियूला ऐकू आलं नाही, पण मॅडम पोटातून हसल्या, दाढा दिसेपर्यंत, आणि गनियूनं बटण दाबलं.

निघताना ईयानं त्याची बाही धरली. “गनियू, याची एक प्रत मला. मी मेल्यावर पोस्टर लावतील ना भिंतीवर, त्याला हाच लावा म्हणावं. माझ्याकडं दुसरा नाही. मतदार कार्डावरचा आहे, त्यात मी कोंबडी चोरल्यासारखी दिसते.”

“देतो की ईया. मोठा करून देतो.”

“तिचा हसरा आलाय का?”

“आलाय. तुमचापण आलाय.”

सोमवारी दुपारी कायोदे साहेबांचा निरोप आला: मुखपृष्ठ मॅडमचं, त्यांचा सगळ्यात चांगला हसरा पाठव. एवढाच निरोप. याहून एक शब्द जास्त नाही. गनियूनं सगळे फोटो टेबलावर मांडले. चाळीसेक फोटोंत मॅडम हसत होत्या, पण ते हसू लोकांना दाखवायचं. खरं हसू एकाच फोटोत होतं, ईयाच्या शेजारचं.

गनियूनं पट्टी उचलली. विचार केला असता तर कदाचित थांबला असता, पण विचार करायला लागतो कुठं? तीस वर्षांची सवय. काजळी दिसली, रबरी चप्पल दिसली, घामेजलेलं तोंड दिसलं, आणि हात आपोआप चालला. ईया टेबलाखाली पडली. राहिली ती फक्त बोटं. चार बोटं, मॅडमच्या खांद्यावर. ती कापायची तर खांदा कापावा लागत होता, आणि खांद्यावर ती लेस होती जिच्यासाठी अर्धा अंक विकला जाणार होता. गनियूनं मनाशी म्हटलं, बायका लेस बघतात, गडी चेहरा बघतात, बोटं कोण बघतंय.

बुधवारी तो जेवायला गेला तेव्हा ईयानं विचारलं, “आणलास?”

आता पूर्ण फोटो दिला तर ईया तो खानावळीत टांगणार. शेजारच्या न्हाव्याकडं ‘सोनेरी किनारा’ येतो. दोन्ही एकाशेजारी एक आले की गल्लीला कळणार की गनियूनं काय केलं. तो म्हणाला, “ईया, त्या एकाच फोटोत उजेड शिरला. जळाला.”

“जळाला?” ईयानं पळी पुन्हा पातेल्यात बुडवली. “असू दे. चुलीपाशी राहणाऱ्याचं जळणारच. तुझं तोंड का पडलंय? तुझी काय चूक?” आणि तिनं त्याच्या वाडग्यात मांसाचा एक जास्तीचा तुकडा टाकला.

तो तुकडा त्यानं खाल्ला. हे त्याला पुढं फार दिवस आठवत राहिलं, की आपण तो खाल्ला.

अंक आला, आणि सगळ्या शहराला बोटंच दिसली.

आधी रेडिओवर कुणीतरी फोन करून विचारलं, मॅडमच्या खांद्यावर हात कुणाचा? मग दुसऱ्यानं केला. मग शुक्रवारपर्यंत बसमध्ये, बँकेत, मशिदीच्या पायरीवर दुसरं बोलणंच नाही. कुणी म्हणे मंत्र्याचा हात, कुणी म्हणे मॅडमच्या वारलेल्या नवऱ्याचा, आशीर्वाद द्यायला आलेला. ईयाच्या खानावळीसमोर रमोनी पंक्चरवाला बसायचा. त्याचं तर ठाम मत होतं.

“सिनेटरचा हात आहे. मी एकदा एका सिनेटरचं चाक बदललंय.”

“चाक बदललंस, हात कधी बघितलास?”

“काचेतून. असाच बाहेर काढला होता, मला लवकर कर म्हणून.”

टीव्हीवर बड्या घरच्या बायकांचा गप्पांचा कार्यक्रम असायचा, त्यात तासभर करंगळीवर चर्चा झाली. शेवटी मॅडमच्या कचेरीतून निवेदन निघालं. म्हणे, तो हात ब्राझीलच्या एका गायिकेचा आहे, मॅडमची जुनी मैत्रीण, खासगी भेटीला आली होती, फोटोत यायचं नव्हतं म्हणून बाजूला सरकली. लगेच टीव्हीवर एक जाणकार येऊन सांगून गेला, की अशी करंगळी वर्षानुवर्षं गिटार वाजवल्यानंच वाकते.

शहर खूश झालं. ज्यांच्या घरी चार दिवस नळाला पाणी नव्हतं तेही छाती काढून म्हणायला लागले, आता आपल्याकडच्या पार्ट्यांना ब्राझीलहून माणसं येतात. कायोदे साहेबांनी गनियूला बोलावून विचारलं, “खरं सांग, कुणाचा हात?”

“गर्दी होती, साहेब.”

“शाबास. असंच सांगत राहा.”

आता ईयाला वाचता येत नव्हतं, आणि टीव्ही बघायला वेळ नव्हता. पण सकाळी ती शेजारणीकडून चवळीची भजी आणायची, आणि एके दिवशी ती भजी ज्या वर्तमानपत्रात बांधून आली त्यावर तो फोटो होता. ईयानं भजी ताटलीत काढली, कागदावरचं तेल लुंगीनं टिपलं आणि आपला उजवा हात कागदाशेजारी ठेवला. भर दुपारी, खानावळ भरलेली असताना, तिनं तो कागद सगळ्यांना दाखवला.

“हा माझा हात आहे.”

सगळे हसले. रमोनी तर उकडीचा घास हातात धरूनच हसला. “ईया, गिटार कधी शिकलात?”

“कसलं गिटार? ही लाके. तिच्या पन्नाशीला मी रांधायला गेले होते. तिनं हा हात असा धरून असा ठेवला.”

“आणि तुम्ही कुठं गेलात? नुसता हातच गेला होता का पार्टीला? बाकीच्या ईया चुलीवर बसल्या होत्या?”

पुन्हा हसू. ईयापण हसली, कारण तिला जिंकायची खात्री होती. ती कोपऱ्यातल्या बाकाकडं वळली, जिथं गनियू वाडग्यात मान घालून बसला होता.

“गनियू, सांग यांना. यानंच काढलाय. सांग रे.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. गनियूच्या डोळ्यांपुढं ते ओळखपत्र आलं, कायोदे साहेब आले, दारावरचे पहारेकरी आले, आणि त्याआधी, सगळ्यात आधी, तो जास्तीचा तुकडा आला. आता खरं सांगायचं म्हणजे फोटो जळाला नव्हता हेही सांगायचं.

तो म्हणाला, “ईया, हातासारखे हात असतात.”

ईयाचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, घरातला माणूस निघून गेल्यावर दिवा जळत राहावा तसं. मग तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि पळी उचलली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं तिला ब्राझील म्हणायला सुरुवात केली. “ब्राझील, दोन वाटे आमाला.” “ब्राझील, एखादं गाणं होऊ द्या.” गल्लीच्या मनात वाईट काही नव्हतं. गल्लीला नुसतं एक नाव सापडलं होतं.

गनियू त्या दिवशीही जेवायला गेला. गेला नसता तर लोकांनी विचारलं असतं. ईयानं सगळ्यांना उजव्या हातानं वाढलं. त्याच्यापाशी आली तेव्हा वाडगा डाव्या हातात होता.

डाव्या हातानं अन्न कुणी भिकाऱ्यालाही देत नाही. रमोनीनंही ते बघितलं.

गनियू हळूच म्हणाला, “ईया, डावा हात...”

“मग काय करू?” ईया शांतपणे म्हणाली. “उजवा माझा नाही. तूच म्हणालास.”

त्यानं वाडगा घेतला. न घेऊन जाणार कुठं? डाव्या हातानं आलेली ती उकड त्यानं मान खाली घालून संपवली. गल्लीतल्या लोकांना वाटलं, ईया चेष्टा मनाला लावून घेते, बिचाऱ्या गनियूवर राग काढते. दोघातिघांनी त्याच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. त्या थोपटण्यानं त्याला आणखी मेल्यासारखं झालं.

मग त्यानं जाणं बंद केलं. घरीच पाव खायला लागला. बायको सिकिरात म्हणाली, “ईयाकडं का जात नाही तुम्ही?”

“पोट बरं नाही.”

“पोटाला काय झालंय? पाव तर दोन हातांनी खाताय. दुखतंय ते तोंड.” सिकिरातला त्यानं काही सांगितलं नव्हतं, पण बायकांना सांगावं लागत नाही.

दोन शनिवार तो बेटावर गेला. हॉलमध्ये उभा राहिला, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि दर खेपेला त्याची नजर आधी हातांवर जायची. ताटं उचलणारे हात, पंखा धरणारे हात, कुणाचा घोळ सावरणारे हात. तीस वर्षांत एवढे हात आपण नेले कुठं, असं त्याला वाटायला लागलं. पट्टीखाली पडलेले ते तुकडे त्यानं रोज झाडून टाकले होते.

आणि एके दिवशी, रमोनीकडं स्कूटरमध्ये हवा भरायला थांबला असताना, ईया रस्ता ओलांडून आली. गनियू स्कूटरआड झाला. पंचावन्न वर्षांचा माणूस, स्कूटरच्या चाकाआड. ईयानं लुंगीच्या गाठीतून मतदार कार्ड काढून रमोनीपुढं धरलं.

“तुझा भाचा छापखान्यात आहे ना? हे मोठं होतं का विचार. माझ्या पोस्टरला. आत्ता घाई नाही, पण विचारून ठेव.”

रमोनीनं कार्ड बघितलं. त्या दिवशी तो हसला नाही. “यात तुम्ही...”

“चोर दिसते. माहीत आहे. चोर तर चोर. निदान पूर्ण आहे.”

हवा भरून झाली होती, तरी गनियू कितीतरी वेळ चाकापाशी वाकून बसला.

निगेटिव्ह त्याच्याकडं होतं. बिस्किटांच्या डब्यात, बाकीच्या हजारोंबरोबर. दुसऱ्याच सकाळी तो लॅबमध्ये गेला आणि त्यानं तो फोटो दाराच्या फळीएवढा मोठा करून घेतला. लॅबवाल्यानं फोटो पाण्यातून वर काढला, करंगळीकडं बघितलं, ईयाकडं बघितलं, मग गनियूकडं.

कागदात गुंडाळून देतो म्हणाला, तर गनियूनं नको म्हटलं. तो मोठा फोटो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरून तो भर दुपारी बाजारातून चालत निघाला. टोमॅटोवाल्या उठून उभ्या राहिल्या. न्हावी वस्तरा घेऊनच बाहेर आला, मागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही. खानावळीपाशी पोचेपर्यंत त्याच्यामागं तीसचाळीस माणसं होती. रमोनीनं फोटो बघितला आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला.

गनियूनं फोटो बाकाला टेकवून उभा केला. मग त्यानं ईयासमोर लोटांगण घातलं. पार आडवा, छाती जमिनीला, नाक उष्ट्या पाण्याच्या ओघळापाशी. कापडं पांढरी होती.

“ईया, फोटो जळाला नव्हता.”

ईयानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. जाळ कमी केला. हात पुसत आली आणि खाली पडलेल्या गनियूला ओलांडून फोटोसमोर उभी राहिली. वाकून आपला हात शोधला.

“हात नीट पुसला गेला नव्हता माझा,” ती म्हणाली. “ही बघ राख.”

मग तिचं बोट मॅडमच्या चेहऱ्यावर गेलं.

“लाके हसतेय मात्र खरी. मी तिला तेव्हा म्हटलं होतं, वाटी अशी चाटायचीस की घासावीच लागायची नाही, माझं पाणी वाचायचं.” मग तिनं विचारलं, “मला कुणी कापलं? तिनं सांगितलं?”

“नाही.”

“त्या फोटोंच्या पुस्तकवाल्यांनी?”

इथं गनियूला हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, पुस्तकवाल्यांना शिव्या घातल्या असत्या आणि त्याला उठवून बसवलं असतं. मातीत नाक ठेवून तो ते हो म्हणायची वाट बघत राहिला, पण ते आलं नाही.

“नाही ईया. कुणीच सांगितलं नव्हतं. मीच.”

“का रे?”

“तुम्ही... ते फोटोत चांगलं दिसत नव्हतं.”

हे बोलल्यावर त्याला वाटलं, जमीन थोडी आणखी खाली गेली असती तर बरं झालं असतं. मागं कुणीतरी जिभेनं ‘च्च्’ केलं.

ईया म्हणाली, “लाके मोठी झाली. तिला ब्राझील म्हणावं लागतं, तिच्या दारात टीव्हीवाले बसलेत. तुझ्या दारात कोण बसलं होतं?”

गनियू उठू लागला, तेव्हा ती म्हणाली, “पट्टी आणलीयस?”

“काय?”

“पट्टी. पातं. तुझ्या पिशवीत असतंच.”

असतंच. त्यानं ते काढलं, आणि त्याचे हात थरथरायला लागले.

“आता तिला काप.”

“ईया, नको. हा पूर्णच राहू द्या. पूर्ण चांगला आहे. लोकांना कळू दे.”

“लोकांना कळलं. आता हा माझ्या पोस्टरचा फोटो आहे, आणि माझ्या पोस्टरवर मी एकटी पाहिजे. तुला येतं ते काम. माझ्या वेळी हात थरथरला होता का?”

नव्हता थरथरला. गनियूनं फोटो बाकावर आडवा ठेवला आणि सगळ्या गल्लीसमोर पट्टी लावली. रमोनीनं न सांगता दुसरं टोक दाबून धरलं. मॅडमचा चेहरा गेला, फडका गेला, गळ्यातली पोवळी गेली. बोटांपाशी पातं थांबलं.

“हात माझा आहे,” ईया म्हणाली. “तो राहू दे.”

तेव्हा त्यानं बोटांना वळसा घालून कापलं. राहिली ती ईया. वाफेनं ओलं तोंड, लुंगीची काजळी, रबरी चप्पल आणि लांब केलेला उजवा हात. त्या हाताखाली लेसच्या खांद्याचा एक तुकडा, कुठल्याच माणसाला न चिकटलेला.

रमोनीनं चार खिळे आणून तो पत्र्याखालच्या खांबावर ठोकला. पुढच्या अंकात ‘सोनेरी किनारा’नं ब्राझीलच्या पाव्हण्यांवर खास पान काढलं, आणि बेटावर तो हात आजही ब्राझीलचाच आहे. गल्लीचं म्हणणं गल्लीबाहेर कोण विचारतं? गनियूनं ते ओळखपत्र कायोदे साहेबांच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा साहेबांना कारणही कळलं नाही. आता तो शाळांचे, पासपोर्टचे, दुकानांचे फोटो काढतो.

पण त्या दुपारचं अजून एवढं राहिलं. फोटो ठोकून झाला, माणसं परत बाकांवर बसली, आणि बँकेतला एक साहेब, ज्याला आधीचं काही माहीत नव्हतं, आत आला. टाय खांद्यावर टाकून त्यानं वर बघितलं.

“ईया, फोटो झकास आहे. पण हा खांदा कुणाचा?”

ईयानं उकड वळता वळता मान वळवली. “कोण जाणे. कुणी ब्राझीलची बाई असेल.”

खानावळ इतकी हसली की पत्रा वाजला. रमोनीला ठसका लागला. गनियू एकटा कोपऱ्यातल्या बाकावर, पांढऱ्या कापडांवर चिखल घेऊन, मान खाली घालून बसला होता. त्यालाही हसू आलं होतं, पण ते हसायचा हक्क आपल्याला आहे का, हे त्याला ठरवता येईना.

ईया वाडगा घेऊन त्याच्यापाशी आली. त्यानं आधी हात बघितला. वाडगा दोन्ही हातांत धरलेला होता. त्यानं आपले हात पुढं केले, तर तिनं तो त्याच्या हातात दिला नाही. बाकावर, त्याच्या शेजारी ठेवला.

“घे तुझा तू,” ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

आत मांसाचा तुकडा नव्हता. गनियूनं वाडगा उचलला.